रोपांच्या कंपनीचा माणूस

अर्धापूरहून गावाकडं वळणाऱ्या फाट्यावर लिंबाचं एक झाड आहे. त्या झाडाखाली मी सहा-सात महिने, दर आठवड्याला, दुसरा माणूस होत होतो. हेल्मेट काढायचं. गाडीच्या टाकीवरच्या खात्याच्या स्टिकरवर टॉवेल टाकायचा. पिशवी उलटी करायची, म्हणजे तिच्यावरची अक्षरं आत जातात. मग कृषी प्रदर्शनात फुकट मिळालेली हिरवी टोपी डोक्यावर चढवायची. टोपीवर केळीची रोपं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. एवढं केलं की टीबीच्या गोळ्या पोचवणारा सरकारी माणूस झाडाखाली राहायचा आणि रोपांच्या कंपनीचा माणूस गावात शिरायचा. आजही तिथं आलो की गाडी आपोआप हळू होते आणि मला माझाच राग येतो.

हे लिहायला बसल्यापासून चार वेळा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा गेट लावलंय का बघायला, दोनदा उगीच. बायको म्हणते, तुमच्या बुडाला चाकं आहेत. असतील. वीस वर्षं मोटारसायकलवर काढलेल्या माणसाला खुर्ची टोचतेच. पण हे टोचणं खुर्चीचं नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

माझं काम सांगायला सोपं. तालुक्यात ज्याला टीबी निघेल त्याच्या घरी जायचं, तो गोळ्या खातो का बघायचं, आणि त्याच्याजवळ उठणाऱ्या-बसणाऱ्या सगळ्यांना तपासायला लावायचं. पहिली दोन कामं पायांनी होतात. तिसऱ्याला जीभ लागते. कारण शेजाऱ्याच्या दारात उभं राहून 'तुम्हीही थुंकी तपासून घ्या' म्हटलं की तो विचारतो, काहून? कोणाला झालाय? तिथं उत्तर देता येत नाही. रोग्याचं नाव आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही, हा नियमच आहे आणि तो बरोबरच आहे. मग नाव न घेता आख्खी गल्ली तपासायची, हा त्यावरचा मार्ग. मार्ग मला पाठ होता. म्हणूनच जास्त चीड येते.

टोपीच्या आधीचं थोडं सांगायला हवं. सुरुवातीला मी लातूर जिल्ह्यात होतो, रेणापूरच्या बाजूला. नवी नोकरी, अंगात जोर, आणि त्या महिन्यात आम्हाला जीप मिळाली होती. जीपच्या दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत रोगाचं नाव. ती जीप मी एका घरासमोर उभी केली, दारातून हाक मारली आणि सगळ्या गल्लीदेखत घरातल्या मुलीला गोळ्या कशा खायच्या ते समजावून सांगितलं. काय तो माझा आवाज. मुलीची सुपारी फुटलेली होती. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा तिच्या आईनं गोळ्यांचं पाकीट माझ्या पायाशी टाकलं. सोयरीक मोडली होती. मुलीला कुठल्याशा मावशीकडं पाठवून दिलं होतं. गाव सांगितलं नाही. तिनं औषध पुरं केलं की नाही, ती आज आहे की नाही, मला माहीत नाही. बोलता बोलता मध्येच तिची आठवण येते आणि मी विषय बदलतो.

तर असा दुधानं तोंड पोळलेला मी नांदेड जिल्ह्यात आलो, आणि ताकही फुंकून प्यायला लागलो.

ही दुसरी मुलगी बावीस वर्षांची. तीन महिने खोकत होती, वजन उतरलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात थुंकी तपासली, मशीननं टीबी दाखवला. साधा टीबी, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा. मी तिचा कागद भरत होतो तेव्हा तिचे वडील मला बाहेर घेऊन गेले. केळीचे बागायतदार, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. अप्पांनी आधी हात जोडून शरणार्थ घातला आणि मग सांगितलं की पोरीची सोयरीक लातूरला झाली आहे, वैशाखात लग्न आहे, मुलाकडचे मोठे व्यापारी आहेत. गावात घरोघरी औषधं देणारी आशाताई नात्यानं पोरीची चुलती लागते, तिला कळलं तर संध्याकाळपर्यंत उदगीरपर्यंत बातमी जाईल. म्हणून गोळ्या आशाताईच्या हातानं नकोत.

"औषध चुकू देणार न्हाई, साहेब," अप्पा म्हणाले. "पण तुम्ही तुम्ही म्हणून येऊ नका. आमच्याकडं रोपंवाले लई येतात. त्यांच्याकडं कोणी बघत न्हाई."

मी हो म्हणालो. विचारही केला नाही. त्या गावात तोवर मला कोणी, आशाताईसुद्धा, ओळखत नव्हतं. रेणापूरची जीप डोळ्यांसमोर होती. एका पोरीचं लग्न वाचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिच्या शेजारणीची छाती डोक्यात नव्हती. आणि मी जी गोष्ट सांगतोय ती त्या शेजारणीचीच आहे.

घरातले चौघे तपासले, त्यांचं काही निघालं नाही. मग मुलीला मी नेहमीचा प्रश्न विचारला, घराबाहेर तू जास्त वेळ कोणाजवळ बसतेस? ती म्हणाली, शेजारच्या मावशीकडं, शिवण शिकायला. रोज दुपारी, तीन-तीन तास. खोली पत्र्याची. मावशीकडं बायका ब्लाउजची मापं द्यायला येतात, त्यामुळं दार कायम लावलेलं आणि एकुलत्या एका खिडकीला साडीचा पडदा. मी वहीत लिहिलं: शेजारी, शिवणकाम, बंद खोली. खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून माझ्याकडं आहे. रेघा चांगल्या ठळक आहेत.

अप्पांना म्हटलं, शेजारणीला तपासायला लागंल. ते म्हणाले, लागंल ना, पण लगीन होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, लग्नाला सहा महिने आहेत. त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला. माणूस भांडला असता तर मी भांडलो असतो. हाताशी कसं भांडायचं ते मला येत नाही. बघू म्हणालो. आमच्या खात्यात बघू म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

रोपंवाल्याकडं कोणी बघत नाही, हे अप्पांचं म्हणणं मात्र साफ चुकलं. पहिल्याच आठवड्यात पारावर एकानं अडवलं. त्याच्या बागेतल्या केळीची पानं पिवळी पडून वाळत चालली होती, कंपनीचं काय म्हणणं आहे? कंपनीचं म्हणणं मला काय ठाऊक. मी पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं, गंभीर तोंड केलं आणि पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणालो. मग त्या माणसासाठी मला कृषी सहायकाला गाठून विचारावं लागलं. तो करपा होता. रोगट पान कापायचं, बागेबाहेर नेऊन जाळायचं, मग फवारायचं. मी जाऊन तसंच सांगितलं. त्याचा करपा आटोक्यात आला आणि माझं नाव झालं. पुढच्या आठवड्यापासून पारावर चार-पाच जण पानं घेऊन बसलेले असायचे. कोणी म्हणायचं, बुंध्याशी फुटलेली पील कधी काढायची. कोणी म्हणायचं, घड उतरल्यावर खोडवा ठेवू का मोडू. घरी बायको हसायची. माणसांच्या औषधाला कोणी विचारत नाही, केळीच्या औषधाला रांग लागते तुमच्याकडं, म्हणायची. मलाही हसू यायचं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. टीबीवाला म्हणून वीस वर्षांत मला कोणी पारावर बसायला जागा दिली नव्हती.

एकदा तिथंच एकजण म्हणाला, मी फवारणी केली, तरी करपा पुन्हा आला. मी विचारलं, शेजारच्यानं केली का? नाही म्हणाला, त्याच्या बागेत अजून दिसत नाही. मी चांगला तापलो. दिसत नाही म्हणजे नाही असं असतं का? वाऱ्यावर जातो तो. तुझ्या एकट्याच्या बागेला औषध मारून काय उपयोग, शेजाऱ्यानंही त्याच दिवशी मारायला पाहिजे, नाहीतर हे वर्षानुवर्षं चालत राहील. सगळे माना हलवत होते. बोलता बोलता मध्येच मी पाणी मागितलं आणि उठलो.

शिवणवाल्या बाईंचं घर अप्पांच्या घराला लागूनच. चाळिशीच्या बाई, नवरा पुण्याकडं कंपनीत, मुलगी सासरी. मी अप्पांच्या ओट्यावर टेकलेला दिसलो की त्या आतून हाक मारायच्या, रोपंवाले भाऊ, चहा घ्या. पहिल्या हाकेला मी गेलो, कारण मला त्या बाई बघायच्याच होत्या. पायमशीन, भिंतीला टांगलेले ब्लाउज, जमिनीवर चिंध्या. त्या चहा टाकत होत्या आणि खोकत होत्या. पदर तोंडाला लावून, दोनदा, मग थांबून एकदा. वीस वर्षं मी खोकले ऐकतोय. तंबाखूचा वेगळा, धुळीचा वेगळा. हा कसला ते कानानं ठरवता येत नाही, पण तपासल्याशिवाय सोडायचा नाही एवढं कानाला नक्की कळतं. पिशवीत थुंकीची डबी होती. उलट्या पिशवीत, तळाशी.

मी चहा प्यायलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून करप्याबद्दल बोललो. पानावर आधी बारीक पिवळे ठिपके येतात, मग रेघा होतात, मग पान वाळतं. वेळेवर पान काढलं तर झाड वाचतं. बाई पाटी-पेन्सिल घेतल्यासारख्या ऐकत होत्या.

असं एकदा नाही झालं. आठवड्याला एक चहा. प्रत्येक वेळी ठरवून जायचो, आज विचारायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, विचारलं तर ही म्हणेल, तुम्हाला कसं कळतं? तुम्ही कोण? मग एकातून एक धागा निघत अप्पांच्या दारापर्यंत जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी धरलंही नाही आणि सोडलंही नाही, नुसता चहा पीत राहिलो. एकदा, एकदाच, उठता उठता म्हणालो, ताई, खोकला दाखवून घ्या की कुठंतरी. त्या मान तिरकी करून माझ्याकडं बघत राहिल्या आणि हसल्या.

"केळीचा डॉक्टर माणसाचा कव्हा झाला?"

मीही हसलो. हसलो आणि टोपी नीट करून बाहेर पडलो. फाट्यावर गाडी थांबवून बराच वेळ झाडाला फेऱ्या मारल्या. लोकांना वाटलं असेल, गाडी बंद पडली.

थंडीत घरोघरी शोधमोहीम निघाली. आशाताई दारोदार जाणार, पंधरा दिवसांहून जास्त खोकला कोणाला आहे विचारणार, असेल त्याची थुंकी घेणार. मला हायसं वाटलं. माझ्याशिवाय काम होत होतं. त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या गावाची देखरेख घेतली, कारण टोपीवाल्याला त्या गावात सरकारी माणूस म्हणून उभं राहता येणार नव्हतं. संध्याकाळी तक्ते आले. मी थेट त्या गल्लीची ओळ काढली. शिवणवाल्या बाईंच्या नावापुढं लिहिलं होतं: खोकला, नाही.

आशाताईंचा दोष नाही. त्यांनी विचारलं, बाईंनी नाही सांगितलं. लगीनसराई तोंडावर होती, आख्ख्या गावाचे ब्लाउज त्यांच्याकडं. खोकणाऱ्या बाईच्या हातात कोण कापड देईल? शिवाय आशाताई अप्पांच्या घरची. कोणापुढं काय बोलायचं हे बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण मी? तीन दिवसांपूर्वी त्याच खोलीत बसून तो खोकला मी माझ्या कानांनी ऐकला होता. तक्त्याखाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती. तिथं मी सही केली. दुसऱ्या दिवशी जाऊन ती ओळ खोडता आली असती. दहा मिनिटांचं काम. मी तक्ते वर पाठवले आणि जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या तालुक्याचं काम वेळेत झालं म्हणून कौतुकही ऐकून घेतलं.

त्यानंतर मला घरात बसवेना. जेवताना उठायचो, टीव्ही लावून बंद करायचो. कोणी खोकलं की मान फिरायची. बायकोला वाटलं, मलाच लागण झाली. तिच्या समाधानासाठी छातीचा फोटो काढला, स्वच्छ निघाला. स्वच्छ फोटो हातात धरून मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा होतो आणि मला लाज वाटली.

मुलगी मात्र औषधाला पक्की निघाली. एक दिवस चुकली नाही. गोळ्या घरात ठेवल्या तर पाहुण्यांच्या हाताला लागतील म्हणून शिवणाच्या पिशवीत ठेवायची आणि रिकामी पाकिटं मला मोजून द्यायची. वजन वाढलं, गाल भरले. लग्नाच्या आधी शेवटची तपासणी झाली, बरी झाल्याचं मी स्वतः लिहिलं. लग्नाला मी गेलो, रोपांच्या कंपनीचा माणूस म्हणून. जेवणाच्या पंगतीत लोकांनी मला करप्याबद्दल विचारलं. नवरीच्या अंगावरचा ब्लाउज शेजारणीनं शिवला होता, अकरा ब्लाउज, सगळे तिनंच. बाई मांडवाच्या कडेला बसल्या होत्या. गळ्याची हाडं दिसत होती. मला बघून त्यांनी मान हलवली. मीही हलवली. लगीन होऊन जाऊ द्या, असं ठरलं होतं. आता झालं होतं. उद्या जाऊ म्हटलं. उद्या दुसऱ्या टोकाच्या एका गावात रोगी गोळ्या सोडून बसला, परवा बैठक, मग मोहिमेची आकडेवारी. कारणं खोटी नव्हती. खोटी असती तर निदान स्वतःला पकडता आलं असतं.

महिन्यानं मुलीचा लातूरहून फोन आला. काका, मी यांना सांगून टाकलं, म्हणाली. पुढं काय झालं विचारलं. काही नाही, म्हणाली. यांच्या मामांना झाला होता, हे लहानपणी त्यांच्याजवळच झोपायचे. हे म्हणाले, एवढंच होय? आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन फोटो काढून आले.

एवढंच होय. सहा महिने झाकून ठेवलेलं कोंबडं लातूरच्या एका पोरानं दोन शब्दांत मोकळं सोडलं. मग ती म्हणाली, "काका, मावशीला तपासलं का? फोनवर बोलताना वाक्य पुरं होत न्हाई तिचं. माझं नाव सांगा लागलं तर. माझं काय जायचं राहिलं आता?"

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. बाई वाचल्या. थुंकीत भरपूर जंतू निघाले, फोटोत डाव्या बाजूला मोठी पोकळी. गोळ्या पूर्ण केल्या, टीबी गेला. पण डावं फुप्फुस जवळजवळ निकामी झालं ते झालंच. पायमशीन आता चालवता येत नाही, चार टाके मारले की दम लागतो. शिकायला येणाऱ्या मुलींनी यायचं बंद केलं. आता त्या नुसती काजं-बटणं करतात. टीबी मुलीचा बाईंना गेला की बाईंचा मुलीला, हे मला माहीत नाही आणि आता कोणालाच कळणार नाही. बाई आधीपासून खोकत असतील तर मुलीचं आजारपणसुद्धा त्याच खोलीतलं. पण मी पहिल्या चहाला डबी पुढं केली असती तर ती पोकळी एवढी मोठी झाली नसती, हे सांगायला मशीन लागत नाही.

आता त्या सकाळचं. फोन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी निघालो. लिंबाखाली थांबलो नाही. स्टिकर उघडा, पिशवी सुलटी, डोक्यावर काही नाही. पारावर बसलेल्यांनी मला ओळखलं आणि मग पिशवीवरची अक्षरं वाचली. एकाच्या हातात केळीचं पान होतं, ते त्यानं खाली ठेवलं. अप्पा ओट्यावर होते. मला तसा बघून ते उठले, आत गेले आणि दार लोटून घेतलं.

शिवणवाल्या बाई दारातच बसल्या होत्या, हवेला. मी पाठ केलेलं बोलायला लागलो. ताई, मी रोपांच्या कंपनीचा नाही. मी टीबीच्या दवाखान्याचा माणूस आहे. आणि त्या शेजारच्या मुलीला...

बाईंनी हात वर केला.

"तिचं नाव नका घेऊ. मला ठाव हाय." त्या थांबल्या, श्वास घेतला. "रोपंवाला येऊन गेला की पोरीच्या पिशवीत नवं पाकीट. पहिल्याच महिन्यात बघितलं मी."

मी उंबऱ्यावर बसलो. म्हणजे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. मी कोण आहे हे माहीत असूनच त्या हाक मारत होत्या. चहा टाकत होत्या, माझ्यासमोर खोकत होत्या, आणि वाट बघत होत्या. केळीचा डॉक्टर माणसाचा कव्हा झाला, असं म्हणून त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, आणि मी हसून निघून गेलो होतो.

"मी बोलले असते तर पोरीचं फुटलं असतं," त्या म्हणाल्या. "तिचं लगीन होतं. म्हणून मी गप बसले. तुम्ही काहून गप बसले, भाऊ? तुमचं तर कामच हे."

रेणापूरची मुलगी तोंडापर्यंत आली होती, पण ती सांगितली असती तर ते या बाईपुढं कारण झालं असतं, उत्तर नाही. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकल्यासारखं केलं नाही. त्या अंगणाकडं बघत होत्या. अंगणात एक तुळस, एक मोडकी बादली.

"माझ्या दारात केळीचं एक झाड न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. "तरी तुमचं करप्याचं सगळं ऐकून घेतलं मी. म्हटलं, एवढं बोलून राहिले, आता माझ्यावर येतील. आता येतील."

गल्लीतल्या दोन-तीन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी डबी काढली आणि आवाज खाली आणून सांगायला लागलो, सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोलवर... बाईंनी पुन्हा थांबवलं.

"तसं न्हाई. पहिल्यापासून विचारा. जोरात विचारा. त्यांना बी ऐकू जाऊ द्या."

मी कागद काढला. त्यावरचा पहिला प्रश्न वीस वर्षांत मी हजारो दारांत विचारला असेल, झोपेतही विचारीन. त्या दिवशी घसा साफ करून विचारावा लागला.

"ताई, खोकला किती दिवसांपासून आहे?"

"तुम्ही माझ्या घरी पहिला चहा पिला ना," त्या म्हणाल्या, "त्याच्या आधीपासून. लिहा."

त्या रकान्यात दिवसांचा आकडा लिहायचा असतो. मी वही काढली, पहिल्या चहाची तारीख शोधली आणि बाईंच्या दारात बसून एक एक दिवस मोजायला लागलो.